दोन पट्ट्यांची गाडी

रविवार, ७ सप्टेंबर

ही वही भिंगरीने दिली. भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणी घरभर गिरक्या घ्यायची म्हणून भिंगरी, आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते तरी नाव तेच राहिलं. म्हणाली, "आजी, नवी गाडी घेतेयस ना, मग रोज काय बदल केला ते तारीख घालून लिहीत जा. सगळे रेसवाले लिहितात." मी म्हटलं, अगं मी चौथीपर्यंत शिकलेली, माझं अक्षर कोण वाचणार? म्हणाली, "तूच." ते खरंच आहे.

तर गाडी म्हणजे बसायची नव्हे. रिमोटची. हातभर लांब, बाहेरून हुबेहूब मोटार, आणि पळते अशी की मांजराने तोंडात बोट घालावं. रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या बोटाने घोडा ओढला की पळते, उजव्या हाताने बारकं चाक फिरवलं की वळते. मी चाळीस वर्षं शर्टांची काजं केली, त्यामुळे बोटं अजून माझं ऐकतात. गुडघे ऐकत नाहीत, एकेका पायरीला 'आई गं' म्हणायला लावतात.

एक रविवार सोडून एक रविवार बॅडमिंटनच्या हॉलमध्ये करडा गालिचा अंथरतात, प्लास्टिकच्या नळ्या लावून वळणं करतात, आणि आम्ही सगळे मचाणावर उभे राहून पाच मिनिटं गाड्या पळवतो. बाई अशी मी एकटीच आणि वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे आजी म्हणतात. मला आवडतं.

क्लबचा एक नियम मात्र कडक. ज्याची शर्यत झाली त्याने पुढच्या शर्यतीला वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं. कुणाची गाडी उलटली की धावत जाऊन सरळ करायची. नाही उभा राहिला तर नाव कट. माझ्याने धावणं काय, वाकणंही होत नाही. तेव्हा ठरलं की आजींच्या वाट्याचे आजोबा उभे राहतील. आजोबा म्हणजे आमचे हे. शिट्टीवाल्या सरांनी (क्लबचे सेक्रेटरी, पूर्वी शाळेत कवायत घ्यायचे) ते कागदावर लिहून घेतलंय. म्हणजे मी पळवणार, हे गाडी जुळवणार आणि माझ्यासाठी उभे राहणार. हे नाहीत तर मी नाही.

आज तिसऱ्या वळणावर जुन्या गाडीचा सांगाडा मधोमध तडकला. सहा वर्षं पळवली. तिचे भाग आता येत नाहीत. दातांचे डॉक्टर वरच्या गटात पळवतात, त्यांनी स्वतःसाठी आणखी नवी घेतली, म्हणून त्यांची आधीची आम्ही आणली. सोळा नोव्हेंबरला मोसम संपतो. खालच्या गटातले पहिले दोघं वरच्या गटात जातात. मी तिसरी आहे! तिसरी!!

बुधवार, १० सप्टेंबर

नवी गाडी टेबलावर ठेवली आहे. जुनीत सगळं एकच प्लास्टिकचं घमेलं होतं, मधून एक दांडा. हिच्यात काळ्या पातळ पट्ट्या, एकावर एक, आणि दोन रबरी दातेरी पट्टे, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. स्क्रू सगळे मोहरीएवढे. जुनी गाडी हे बोलता बोलता उघडायचे. एकदा तर शेजारच्यांशी भांडता भांडता उघडून परत लावली होती.

आज सकाळपासून खिडकीशी बसलेत. गाडीवरून नुसता हात फिरवतायत. म्हटलं, "अहो, नवरी आहे का ती?" म्हणाले, "हिच्यात बोट घालायला जागा नाही." म्हटलं, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत, त्यात काय मोठ्या खोल्या होत्या?

अजूनही आठवड्यातून चार दिवस घड्याळांच्या दुकानात बसतात. मालक म्हणतो, काकांसारखा हात नाही.

एक गंमत लिहून ठेवते. हल्ली हे माझ्याकडे सरळ बघत नाहीत. मान जरा वळवून, तिरकं बघतात. लग्न झाल्यावर सुरुवातीला असेच बघायचे, सासूबाई समोर असल्या की. म्हातारपणी काय लाड सुचलेत! मी आपले केस नीट विंचरले.

रविवार, २१ सप्टेंबर

आज हिच्याबरोबर पहिली शर्यत. काय गाडी आहे! जुनीला सांगायला लागायचं, हिला नुसतं मनात आणलं तरी वळते. दुसऱ्या फेरीला मी पहिली होते. चौथ्या फेरीला पुढचं डावं चाक सुटलं आणि माझ्या आधी पळत पळत पुढे गेलं. हॉल हसला. मीही हसले. मग घरी येऊन थोडी रडले.

यांना विचारलं, नट आवळला होता ना? तर चिडले. "आवळला होता. या गाडीचे नटच भिकार." असतील. डॉक्टरांनी उगाच नाही दिली.

पाचवी झाले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

बदल: चारही नट नवे. हे म्हणाले, तू दिवा धर. मी दिवा धरला. म्हणाले, जवळ धर. आणखी जवळ. शेवटी म्हटलं, आता काय तुमच्या नाकात धरू?

चहा ओतताना आज निम्मा बशीबाहेर ओतला. त्यांचं लक्ष सगळं त्या गाडीकडे.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज मोठीच मजा झाली. शर्यतीआधी भिंगरीने गाडी हातात घेतली आणि म्हणाली, "आजोबा, पुढे एका बाजूला निळी स्प्रिंग आहे आणि एका बाजूला जांभळी. एक कडक, एक मऊ. मुद्दाम?"

यांनी दोन्ही स्प्रिंगा बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "मुद्दाम."

"का?"

"डावी वळणं पाच आहेत, उजवी तीन. बाकीचं तू मोज."

मला तर ऊर भरून आला. चाळीस वर्षांची कारागिरी म्हणतात ती ही! मी मचाणावर सगळ्यांना सांगितलं. गाडी उजवीकडे जरा ओढत होती खरी, पण म्हटलं, युक्ती म्हटलं की थोडं ओढणारच. चौथी आले.

बेकरीवाला ऐकत होता. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक तो, पिवळी गाडी, गुणांत दुसरा. माझ्या पुढे तोच. दिसायला पावासारखा मऊ, पण शर्यतीत कुणाला जागा देत नाही. त्याने गुपचूप स्वतःच्या गाडीलाही तशाच दोन वेगळ्या स्प्रिंगा लावल्या. आणि काय! प्रत्येक वळणावर भोवरा. शेवटून पहिला आला. खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "आजी, ही युक्ती तुम्ही मला ऐकू यावी म्हणून मोठ्याने सांगितलीत ना?"

मी म्हटलं, "अरे बाळा, मी सगळंच मोठ्याने सांगते."

तो हसला नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही, पण कुणाशी बोलू?

माझी शर्यत झाली. तिसरी आले. चाकं चारही जागेवर. त्यानंतर वरच्या आणि खालच्या गटाची एकत्र शर्यत होती, त्यात बेकरीवाला होता. माझ्या वाट्याचे हे तिसऱ्या वळणावर उभे होते, केशरी जाकीट घालून.

बेकरीवाल्याची गाडी तिसऱ्या वळणावर नळीला लागून उलटली. यांच्यापासून चार पावलांवर. पिवळा टप खाली, काळं पोट वर, चाकं फिरतायत. मी बाकावरून बघत होते. हे हात मागे बांधून उभे, मान वाकडी, बघतायत वर छताच्या दिव्याकडे. मचाणावरून सगळे ओरडतायत, "तीन! तीन! मार्शल!" हे एक पाऊल पुढे गेले, थांबले, उजवीकडे वळले, परत थांबले. गाडी डावीकडे होती. शेवटी दुसऱ्या वळणावरचा पोरगा धावत आला. तोवर दोन फेऱ्या गेल्या होत्या. बेकरीवाला शेवटून दुसरा.

तो मचाणावरून उतरला तो थेट यांच्यापुढे. "गाडी तुमच्या पायाशी पडली होती! आधी त्या स्प्रिंगा, आता हे! आजींना माझी जागा हवी म्हणून मुद्दाम केलंत?"

मला वाटलं, हे आता त्याला असं झापतील की पीठ मळणं विसरेल. या माणसाने जन्मात कुणाची खोडी काढली नाही. हे एवढंच म्हणाले, "हो. मुद्दाम."

शिट्टीवाल्या सरांच्या तोंडातून शिट्टी पडली. दोरीला होती म्हणून खाली पडली नाही.



सोमवार, २० ऑक्टोबर

विचारलं. "अहो, खरं सांगा."

"सांगितलं ना. मुद्दाम केलं."

"तुम्ही? गिऱ्हाईक घड्याळ विसरून गेलं तर तीन गल्ल्या मागे धावणारे तुम्ही?"

"तुला वरच्या गटात जायचं होतं ना? मग?"

म्हणजे माझ्यासाठी केलं. देवा, मी इतकी हावरट दिसते का? चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस मला माहीतच नव्हता का? दिवसभर हातून काही झालं नाही. दूध उतू गेलं, मी बघत उभी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

शिट्टीवाले सर घरी आले. बसले, पाणी प्यायले, टोपी मांडीवर फिरवत राहिले. "आजी, समितीची बैठक दोन तारखेला, शर्यती झाल्यावर. तोपर्यंत आजोबांना मार्शल म्हणून उभं करता येणार नाही. तुम्हाला पळवायचं असेल तर स्वतः उभं राहावं लागेल."

"सर, माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत."

"म्हणूनच आलो. कागदाने कळवणं बरं दिसलं नसतं."

हे आतल्या खोलीत बसून होते. बाहेर आले नाहीत.

बॅडमिंटनचा हॉल सुटला तर माझ्यापाशी काय राहतं? सकाळी भाजी, दुपारी पेपरातली चित्रं, संध्याकाळी औषध. एक रविवार सोडून एक रविवार मी कुणाची आई नसते, कुणाची आजी नसते. सगळे आजी म्हणतात खरे, पण शिट्टी वाजली की मी फक्त सात नंबरची निळी गाडी असते. हे कुणाला सांगितलं तर हसतील. या वयात खेळण्यासाठी रडते म्हणतील.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ठरवलं, स्वतःच उभी राहीन. पॅसेजमध्ये चार चपला उलट्या टाकल्या, एकेका चपलेपर्यंत जायचं, वाकायचं, सरळ करायची. पहिली केली. दुसरी केली. तिसरीला वाकले आणि वर येईना. भिंतीला धरून बसले ती अर्धा तास. भिंगरी आली, तिने उठवलं. "आजी, हे काय चाललंय?"

म्हटलं, चपला लावतेय.

गुडघे भोपळ्यासारखे झालेत. बेकरीवाल्याच्या पाया पडायला सांगितलं तरी पडता येणार नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पाया नाही, पण त्याच्या दारात गेले. सकाळची गर्दी सरल्यावर. तो भट्टीजवळ होता, कोपरापर्यंत पीठ.

"आजी, तुमच्यावर माझा राग नाही. पण आजोबांचं काय बिघडलंय ते तुम्हीच बघा. महिन्यापूर्वी वडिलांचं घड्याळ त्यांच्याकडे दिलं होतं. परत आलं ते असं." खिशातून काढून दाखवलं. मोठा काटा सहावर असताना छोटा बरोब्बर तीनवर. "काटेच चुकीचे बसवलेत. तेव्हा तर माझ्याशी भांडणही नव्हतं. मी गप्प बसलो. म्हातारा माणूस, म्हटलं असू दे."

मी घड्याळाकडे बघत राहिले. काटे चुकीचे? यांच्या हातून? काटे बसवणं म्हणजे यांच्यासाठी सदऱ्याची गुंडी लावणं. ते मुद्दाम कुणी कशाला करेल? तिथेच भट्टीसमोर मला थंडी वाजली.

घरी आले. पुढच्या खोलीत काळी सतरंजी असते, तिच्या मधोमध नवी गाडी उलटी करून ठेवली. पोट वर. आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, सतरंजीवरची गाडी जरा आणून द्या हो."

दारामागून बघत होते. चोरासारखी. नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली माझ्यावर.

हे आले. सतरंजीच्या कडेला थांबले. मान वाकडी केली, वर दिव्याकडे बघितलं, त्या हॉलमध्ये बघत होते तस्संच. मग हळूच खाली बसले आणि दोन्ही हातांनी सतरंजी चाचपायला लागले. गाडीच्या वीतभर अलीकडे. मग पलीकडे. मग हात लागला. लागल्यावर तिला छातीशी धरून तसेच बसून राहिले.

मी जाऊन शेजारी बसले. बसले म्हणजे पडलेच.

"कधीपासून?"

गाडीच्या चाकांवरून बोट फिरवत म्हणाले, "उन्हाळ्यापासून. मधे भोक पडलंय. जिथे बघावं तेवढंच दिसत नाही. कडेचं दिसतं. म्हणून कडेने बघतो."

"आणि मी? मी दिसते?"

"कान दिसतात. मधे चेहरा नसतो."

हसावं की रडावं कळेना. मी केस विंचरत बसले होते! म्हटलं, "बरंच आहे. सुरकुत्या वाढल्यात." तर त्यांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हं. वाढल्यात."

जुनी गाडी हातांना पाठ होती. नवी डोळ्यांनी शिकायला लागते, आणि डोळे तर गेलेले. म्हणून नट, म्हणून स्प्रिंगा. म्हणजे गाडीत काही खोट नव्हती. जुनी तडकल्यावर मीच नवीचा हट्ट धरला, नाहीतर आणखी वर्षभर कुणाला कळलंही नसतं.

मग मी म्हटलं, समितीत सांगून टाकू. तर त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "नाही. लबाड म्हणू देत. आंधळा म्हणायचं नाही कुणी. दुकानातली खुर्ची जाईल. उद्यापासून मी काय करायचं? खिडकीशी बसून ऊन मोजायचं? शपथ घे."

घेतली. आणि घेतल्यावर कळलं की माझा हॉल गेला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

चार दिवस बेरीज-वजाबाकी चाललीय डोक्यात. सांगितलं तर यांची खुर्ची जाते. नाही सांगितलं तर माझा रविवार जातो, आणि वर हे लबाड ठरतात. तिसरी वाट सापडत नाही. काल गाडीशी बोलत होते. वेड लागायला आणखी काय लागतं?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, तो लिहून देईल, आणि लिहिलं की सगळ्यांना कळतं.

रविवार, २ नोव्हेंबर

बैठक झाली. हॉलमागची छोटी खोली, टेबलाशी शिट्टीवाले सर, दातांचे डॉक्टर आणि आणखी एक जण, समोर आम्ही दोघं, बाजूला बेकरीवाला. भिंतीला सायकलचा पंप लटकत होता, मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत होते.

सरांनी विचारलं, "आजोबा, शेवटचं विचारतो. गाडी दिसली नाही का? तसं असेल तर चूक म्हणून सोडून देऊ."

दार उघडं होतं. नुसतं आत जायचं होतं.

हे म्हणाले, "दिसली. उचलली नाही."

यांच्या कपाळावर घाम, मान ताठ. सगळी खोली त्यांच्याकडे अशी बघत होती जशी चोराकडे बघतात. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या माणसाकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. शपथेमुळे खरं बोलता येईना. मग मी खोटं बोलले.

"मीच सांगितलं होतं यांना," मी म्हटलं. "पिवळी उलटली तर उचलू नका म्हणून. मला पुढे जायचं होतं. स्प्रिंगांचं पण माझंच डोकं."

यांची मान झटकन माझ्याकडे वळली. सरळ. विसरलेच तिरकं बघायचं.

सर म्हणाले, "आजी..." आणि समोरच्या कागदावर लिहायला लागले. दोघांनाही मोसम संपेपर्यंत बंदी. पुढच्या मोसमाचं नंतर बघू.

येताना रस्त्यात मी यांचा हात धरला होता. लोकांना वाटलं असेल हे मला धरून नेतायत.

संपलं. निळ्या गाडीची बॅटरी काढून ठेवली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बदल: काही नाही. गाडी कपाटावर.

रात्रीपासून जेवण जात नाही. रडू येत नाही, तेच वाईट. भिंगरीचा फोन आला, म्हटलं सर्दी झालीय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हे सकाळी एकटेच पाव आणायला म्हणून गेले. बेकरी किती लांब? दोन मिनिटं. दीड तासाने आले. मी जिन्यात चार वेळा डोकावून आले. डोळे लाल. म्हणाले, "पीठ उडालं." हातात पाव नव्हताच. विचारलं तर म्हणाले, "संपला होता." दहा वाजता बेकरीत पाव संपतो?

दुपारी दुकानात गेले आणि लगेच परत आले. आपली बारक्या हत्यारांची पेटी घेऊन आले. म्हटलं, ही का आणली? म्हणाले, "दुकानात फार उकडतं."

नोव्हेंबरात!

माझंच ओझं मला जड झालंय, त्यात यांची कोडी कोण सोडवणार?

शनिवार, ८ नोव्हेंबर

शिट्टीवाले सर परत आले. आज बसलेच नाहीत. "आजी, समितीने फेरविचार केला. बंदी उठली. सोळा तारखेला शेवटची शर्यत, या."

मी म्हटलं, सर, पण मार्शल?

"ती सोय झाली आहे."

ते गेल्यावर मी विचार केला, माझ्या तोंडाकडे बघून दया आली असेल. बैठकीत मी फार केविलवाणी दिसत असणार. लोक चांगले असतात. आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा. पण यांच्याबद्दल लोक काय समजतात ते तर तसंच राहिलं ना? त्या हॉलमध्ये यांना घेऊन जायचं म्हणजे पुन्हा त्या नजरा.

हे म्हणाले, "गाडी काढ कपाटावरून. पेटी तुझ्यापुढे घे. आज तू आवळायचं."

"मला येत नाही."

"काजं येत होती का जन्मतः?"

तीन तास बसलो. मी बघायचं आणि सांगायचं, त्यांनी ऐकायचं आणि ओरडायचं. "हाताने नाही, मनगटाने! अगं, कणीक नाही ती!" मी पट्टा दाबायचा, त्यांनी पट्ट्यावर बोटाने टिचकी मारायची आणि सांगायचं, सैल, अजून सैल, आता बरोबर. कितीतरी दिवसांनी कुणी मला रागावलं. बरं वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

हॉलच्या दारात पाय अडखळला. म्हटलं, आता बघतील, तोंड फिरवतील.

पहिला समोर आला तो दातांचा डॉक्टर. यांच्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "आजोबा, मी दातांचा डॉक्टर." मग आणखी एक जण, "आजोबा, मी लाल गाडीवाला, चार नंबर." एकेक जण येतोय आणि आधी आपलं नाव सांगतोय. मला वाटलं, आज सगळ्यांना झालंय काय, फोनवर बोलल्यासारखे का बोलतायत? मग बेकरीवाला आला. यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आजोबा, बेकरीवाला. पाच पावलं सरळ, मग डावीकडे खुर्ची आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाव आणायला दीड तास. पीठ उडालं. पेटी. यांनी स्वतःच जाऊन सांगितलं होतं. बेकरीत, सरांना, आणि दुकानाच्या मालकाला. जी खुर्ची जाऊ नये म्हणून मला शपथ घातली, ती स्वतःच सोडून आले. मी लबाड ठरू नये म्हणून.

मी तिथेच रडले असते, पण सरांनी शिट्टी मारली.

मचाणावर चढले. खाली तिसऱ्या वळणावर केशरी जाकीट घालून बेकरीवाला उभा. ही शर्यत त्याच्या स्वतःच्या वाट्याची, पुढची माझ्या वाट्याची. त्याची स्वतःची शर्यत आधीच होऊन गेली होती आणि तो दुसरा आला होता, म्हणजे मला वर जायला आता पहिलंच यायला हवं होतं. तो विसरून गेला असं मुळीच नाही. मला बघून त्याने दोन बोटं वर केली, म्हणजे मी दुसरा बरं का. पक्का आहे.

तीन फेऱ्या मी रडतच पळवल्या, समोर सगळं पाण्यात. चौथ्या फेरीला तिसऱ्या वळणावर उलटले. तो असा झेपावला की त्याचं पोट गालिच्यावर घासलं. पापणी लवायच्या आत गाडी सरळ. मग रडू थांबलं. मग मी पळवली. पट्टे असे गुणगुणत होते की माझ्या बोटांना ऐकू येत होतं. चाकं चारही जागेवर, मी आवळलेली. शेवटच्या फेरीला पुढे फक्त लाल गाडी, तिच्या मागच्या बाजूला माझं नाक लागलेलं.

अर्ध्या गाडीने हुकलं. दुसरी. मोसमात तिसरी. वर गेले नाही.

शिट्टी झाली, टाळ्या झाल्या. मी मचाणावरून उतरले, खुर्चीपाशी गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते, मान तिरकी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चांगली पळवलीस."

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं कबूल केलंय, उरलंय तेवढं तरी राखू म्हणतात. पण ते नंतर. त्या वेळी मला तेच कळेना. निकाल अजून सांगितला नव्हता, आणि एवढ्या लांबून यांना गाडी दिसणं शक्यच नव्हतं.

"तुम्हाला हो काय माहीत?"

"मचाणाच्या पाच पायऱ्या उतरलीस," म्हणाले, "आणि एकदाही 'आई गं' म्हणाली नाहीस."